रिपोर्टची लिंक एचटीटीपी, आधार व्हॉट्सअ‍ॅपवर, पासवर्ड एक्सेलमध्ये: नागपुरात आपला डाटा नेमका कुठे उघडा पडून राहिला?

वर्धारोडवाला
नमस्कार मंडळी. आईची शुगर-थायरॉईड केली होती, लॅबवाल्यांचा एसएमएस आला, त्यात लिंक, अन् ती लिंक साधी एचटीटीपी. उघडली तर क्रोम वरतीच 'नॉट सिक्युअर' लिहून दाखवते. रिपोर्टवर पूर्ण नाव, वय, मोबाईल, पत्ता, कोणत्या डॉक्टरनी पाठवलं ते सगळं. ओटीपी वगैरे काही नाही, लिंक दाबली की पीडीएफ हातात. काउंटरवर विचारलं तर म्हणे सर टेन्शन नका घेऊ, आमच्या सर्व्हरला पासवर्ड आहे.

आता हे एकच ठिकाण असतं तर सोडून दिलं असतं, पण पाहाल तिकडे हेच चालू आहे. सीएकडे आधार-पॅन व्हॉट्सअ‍ॅपवर, सोसायटीच्या सेक्रेटरीकडे सगळ्या भाडेकरूंचे कागद एका पेनड्राइव्हमध्ये, पोरांच्या क्लासवाल्यांकडे बँक पासबुकाच्या झेरॉक्स. यात खरा धोका किती अन् उगाच भीती किती, कोणी जाणकार नीट सांगेल का? हुडी घातलेला हॅकर अन् हिरवे आकडे वगैरे नको, साध्या माणसाला समजेल असं सांगा.

बर्डीचा_राजा
तुमच्या आईची शुगर किती आहे हे चोरून कोणी काय लोणचं घालणार आहे का बे 😀 काहून इतका लोड घेता.

जुना_अ‍ॅडमिन
राजाभाऊ, शुगरचं लोणचं नाही घालत कोणी, पण त्याच कागदावर नाव, वय, मोबाईल, पत्ता अन् डॉक्टरचं नाव आहे ना. उद्या आईला फोन येते, "काकू, अमुक डॉक्टरांच्या दवाखान्यातून बोलतो, तुमचा थायरॉईडचा रिपोर्ट जरा जास्त आलाय, औषध बदलायचं आहे, लिंक पाठवतो त्यावर १० रुपये भरा अन् अपॉइंटमेंट घ्या". तुमच्या-माझ्या वयाचा माणूसही फसते इथे, कारण समोरचा खरी माहिती सांगून राहिला असते. फसवणूकवाल्याला तुमची शुगर नको असते, त्याला तुमचा विश्वास बसेल असं एक खरं वाक्य पाहिजे असते.

आता वर्धारोडवाले, तुमचा मूळ प्रश्न. दोन गोष्टी वेगळ्या करा, म्हणजे निम्मा गोंधळ जाते. एक, डाटा जात असताना. दोन, डाटा पडून असताना. लोक पहिल्यावर खूप बोलतात अन् दुसऱ्यावर काहीच नाही, माझ्या मते उलटं पाहिजे. पण पहिलं आधी.

एचटीटीपीवर तुमचा मोबाईल अन् लॅबचा सर्व्हर यांच्यामध्ये जे जे कोणी आहे, म्हणजे कॅफेतला वायफाय, त्याचा राउटर, इंटरनेट देणारी कंपनी, मधले स्विच, त्या सगळ्यांना पानावरचं अक्षर न् अक्षर वाचता येते. वायरशार्क नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळते, इंजिनिअरिंगच्या पोट्ट्यांना लॅबमध्ये शिकवतात, त्यात एचटीटीपीचं पान जसंच्या तसं दिसते. २०१० मध्ये फायरशीप नावाचं फायरफॉक्सचं एक एक्स्टेन्शन आलं होतं, उघड्या वायफायवर बसलेल्या दुसऱ्याच्या फेसबुक अकाउंटात एका क्लिकवर शिरता यायचं, कारण तेव्हा या साइट्स फक्त लॉगिनच्या वेळी एन्क्रिप्ट करायच्या (म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही असा मजकूर करायच्या) अन् नंतर कुकी, म्हणजे लॉगिन झाल्याची खूण, उघडी पाठवायच्या. करणाऱ्याने मुद्दामच काढलं होतं ते, कंपन्यांना लाज वाटावी म्हणून. नंतर सगळ्यांनी पूर्ण साइट एचटीटीपीएस, म्हणजे एन्क्रिप्ट केलेली एचटीटीपी, केली. एचटीटीपीएस असली की मधल्या माणसाला फार तर कोणत्या साइटवर गेलात ते कळते, आत काय वाचलं ते नाही. अन् वाचणं सोडा, एचटीटीपीवर मधल्या मधे मजकूर बदलताही येते. म्हणजे रिपोर्टच्या जागी दुसरीच फाइल उतरवू शकते कोणी.

अन् याला पैसे लागतात म्हणावं तर तेही नाही. एचटीटीपीएसला लागणारं लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट २०१५ च्या शेवटापासून सगळ्यांसाठी फुकट आहे. क्रोमने २०१८ च्या जुलैपासून प्रत्येक एचटीटीपी साइटला 'नॉट सिक्युअर' म्हणायला सुरुवात केली. इतकी वर्षं ती पाटी पाहूनही बदल करत नसेल तर तो आळस आहे, दुसरं काही नाही. लॅबच्या डॉक्टरचा कमी, सॉफ्टवेअर देणाऱ्या व्हेंडरचा जास्त.

वर्धारोडवाला
धन्यवाद दादा. एक राहिलंच सांगायचं, लिंकच्या शेवटी एक आकडा आहे, अन् तोच आकडा बिलावर रजिस्ट्रेशन नंबर म्हणून आहे. म्हणजे माझ्या आधीच्या पेशंटचा एकाने कमी असणार असं दिसते. मी काही टाकून पाहिला नाही.

जुना_अ‍ॅडमिन
टाकूही नका. दुसऱ्याचा रिपोर्ट उघडला तर 'मी फक्त चेक करून राहिलो होतो' हे आयटी कायद्यासमोर चालेलच असं नाही. स्वतःच्या लिंकचा स्क्रीनशॉट घ्या, त्यावर लॅबला लेखी मेल करा, अन् नाही ऐकलं तर सर्ट-इनला (सायबर घटनांसाठीची केंद्र सरकारची संस्था) कळवता येते.

पण तुम्ही मुद्द्याचं पकडलं. हे जर असं असेल तर उद्या त्यांनी एचटीटीपीएस लावलं, 'नॉट सिक्युअर'ची पाटी गेली, तरी काहीही फरक पडणार नाही. आकडा बदलला की दुसऱ्याचा रिपोर्ट सुखरूप एन्क्रिप्ट होऊन तुमच्या हातात येईल 🙂 एन्क्रिप्शन रस्त्यावरची चोरी थांबवते, दारात उभा असलेला माणूस कोण हे ते विचारत नाही. ते काम लॉगिन-ओटीपीचं, नाहीतर निदान लिंकमध्ये कोणालाही अंदाज लावता येणार नाही असा लांबलचक कोड पाहिजे. व्हेंडर लोक 'सर एसएसएल (म्हणजे तेच एचटीटीपीएस) टाकलं आहे' म्हणून यातूनच सुटतात.

संपादक मंडळ
दोन प्रतिसादांमधून लॅबचं नाव काढलं आहे. कृपया इथे कोणत्याही संस्थेचं नाव घेऊ नका, विषयावर बोला.

धंतोली_पॅथ
मी याच लाइनमध्ये आहे (वरच्या लॅबमध्ये नाही, आधीच सांगतो). आतून कसं असतं ते सांगतो, मग ठरवा.

सँपल आलं की बारकोड लागतो, अ‍ॅनालायझरवर जातो, मशीनमधून निकाल केबलने नाहीतर लॅनने कॉम्प्युटरमध्ये येतो, अन् ते येणं साध्या मजकुरात असतं, कोणी एन्क्रिप्ट करत नाही कारण मशीनच तशी असते, काही तर इतकी जुनी आहेत की बोलता सोय नाही. तिथून लॅबच्या सॉफ्टवेअरमध्ये, तिथून क्लाउडवर, तिथून एसएमएस. लोक या शेवटच्या टप्प्याला घाबरतात. खरं सांगू का, मला भीती वाटते ती रिसेप्शनच्या कॉम्प्युटरची. एकच विंडोज युजर, सगळे तोच वापरतात, पासवर्ड मॉनिटरच्या खाली चिकटवलेला. डाउनलोड फोल्डर उघडा, त्यात किती वर्षांचे रिपोर्ट पीडीएफ, नावानिशी. व्हॉट्सअ‍ॅप वेब चोवीस तास चालू. रोजचा बॅकअप एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर, ती टेबलाच्या ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरला कुलूप आहे पण किल्ली त्यालाच लटकून राहिली असते. ती डिस्क कोणी खिशात टाकून नेली तर घरी कोणत्याही लॅपटॉपला लावून सगळं वाचता येईल. हॅकर लागतच नाही.

एक्स-रे, सीटी, एमआरआयवाल्यांची तर अजून वेगळी गोष्ट. ते फोटो डायकॉम नावाच्या प्रकारात फिरतात, जुनी पद्धत आहे, तयार झाली तेव्हा हॉस्पिटलच्या आतल्या आतच चालेल असं धरून केलेली. नंतर लोकांनी तेच सर्व्हर थेट इंटरनेटवर उघडे करून ठेवले. २०१९ मध्ये ग्रीनबोन नावाच्या जर्मन कंपनीने जगभरातले सुमारे २३०० असे सर्व्हर तपासले, त्यातले ५९० कोणालाही वाचता येत होते, ५२ देशांतले, दोन कोटी चाळीस लाखांच्या वर नोंदी. आपला देशही होता त्यात. तिथे कोणी काही तोडलं नव्हतं, दारच नव्हतं.

बर्डीचा_राजा
किल्ली ड्रॉवरलाच 😂 आमच्या ऑफिसात पण सेम टु सेम.

संत्रा_बर्फी
राजा, हसू नका, आमच्याकडचं ऐकाल तर रडाल.

मी कर सल्लागाराच्या ऑफिसात आहे, जुलैमध्ये आमची काय हालत असते ते ज्यांना माहीत त्यांना माहीत. क्लायंटची एक एक्सेल फाइल असते प्रत्येक ऑफिसात, तिचं नाव साधारण 'क्लायंट मास्टर' नाहीतर सरळ 'पासवर्ड' असंच असतं, त्यात एका रांगेत नाव, पॅन, जन्मतारीख, आधार, इन्कम टॅक्स पोर्टलचा पासवर्ड, जीएसटीचा युजर आयडी-पासवर्ड, ईमेलचा पासवर्ड (हो, लोक तोही देतात, ओटीपी तुम्हीच पाहून घ्या म्हणतात), अन् रिफंडसाठी बँक खातं. शेकडो लोकांचं. अशा फाइली मी एकापेक्षा जास्त ऑफिसांत पाहिल्या आहेत म्हणून बोलते. आर्टिकलशिपची पोरं येतात-जातात, जाताना कोणाच्या पेनड्राइव्हमध्ये काय गेलं कोण पाहणार. सरांना म्हटलं तर सर म्हणाले, "अगं आपण शीट प्रोटेक्ट केली आहे ना". मी काही तांत्रिक नाही, म्हणून इथे विचारते, प्रोटेक्ट शीट पुरेसं आहे का?

जुना_अ‍ॅडमिन
ताई, प्रोटेक्ट शीट म्हणजे एसटीच्या सीटवर रुमाल टाकून जागा धरणं. सज्जन माणूस बसत नाही, एवढंच त्याचं संरक्षण.

तुम्ही स्वतः पाहू शकता, कॉपी काढून पाहा, मूळ फाइलीला हात लावू नका. एक्सएलएसएक्स फाइल म्हणजे आतून झिपच असते. शेवटचं एक्स्टेन्शन बदलून झिप केलं की उघडते, आत प्रत्येक शीटची एक मजकुराची फाइल दिसते, तुमचा सगळा डाटा त्यात नाहीतर शेजारच्या फाइलीत उघडा वाचता येते. 'प्रोटेक्टेड आहे' असं सांगणारी त्यात एक ओळ असते, तेवढी ओळ काढली की प्रोटेक्शन गेलं. पासवर्ड तोडायचीही गरज नाही. ती सोय बनवलीच मुळी कोणी चुकून फॉर्म्युला खराब करू नये म्हणून, गुप्ततेसाठी नाहीच.

खरं पाहिजे ते वेगळ्या ठिकाणी आहे: फाइल, मग इन्फो, मग प्रोटेक्ट वर्कबुक, त्यात 'एन्क्रिप्ट विथ पासवर्ड'. हे ऑफिस २००७ पासून एईएस नावाच्या मजबूत पद्धतीने होते, अन् हे केल्यावर पासवर्डशिवाय फाइल झिप म्हणून उघडायला जाल तर उघडणारच नाही. जुनं एक्सएलएस असेल, २००३ वालं, तर त्यातला पासवर्ड फार कमजोर आहे, आधी नवीन प्रकारात सेव्ह करा.

पण ताई, पासवर्ड ठेवायला एक्सेल मुळातच चुकीची जागा. किपास नावाचं पासवर्ड सांभाळायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, फाइल तुमच्याच कॉम्प्युटरवर राहते, पूर्ण एन्क्रिप्टेड. बिटवॉर्डनही चांगलं, त्यात कोणाला कोणत्या क्लायंटचं दिसावं ते वाटून देता येते अन् माणूस सोडून गेला की त्याचा प्रवेश बंद करता येते (त्याने पाहिलेले पासवर्ड मात्र बदलावेच लागतात, त्याला पर्याय नाही). अन् क्लायंटच्या मेलचा पासवर्ड ठेवूच नका बाप्पा.

महालकर_काका
मी बँकेतून रिटायर झालो, पण संगणकाचं फारसं कळत नाही. एक शंका. इन्कम टॅक्सची नोटीस येते, आधारची पीडीएफ येते, बँकेचं स्टेटमेंट येतं, त्याला तर पासवर्ड असतोच. मग ते तरी सुरक्षित म्हणायचं का? की तेही रुमालच?

जुना_अ‍ॅडमिन
काका, छान प्रश्न. ते रुमाल नाही, खरं एन्क्रिप्शन आहे. पण किल्ली पाहा काय आहे. ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली ४ अक्षरं कॅपिटलमध्ये अन् जन्माचं साल. आता फाइलीचं नाव नाहीतर मेलच्या वरती तुमचं नाव लिहिलंच असते. राहिलं साल. १९२५ पासून आजपर्यंत धरलं तरी जेमतेम शंभर पर्याय, कॉम्प्युटरला ते क्षणात जमतात. इन्कम टॅक्सच्या इंटिमेशनचा पासवर्ड पॅन लहान अक्षरांत अन् पुढे जन्मतारीख. तो ई-आधारपेक्षा बरा, पण ज्याच्याकडे संत्रा_बर्फी ताईंची एक्सेल आहे त्याच्यासाठी दोन्ही उघड्याच.

म्हणजे ती कुलपं रस्त्यात चुकून दुसऱ्याच्या हाती पडलेल्या मेलसाठी ठीक आहेत. जो तुम्हाला ओळखते त्याच्यासाठी नाहीत.

अन् अजून एक गंमत नेहमी पाहतो, लोक कष्ट करून झिप फाइलला पासवर्ड लावतात अन् त्याच मेलमध्ये खाली लिहितात 'पासवर्ड: नागपूर१२३'. पासवर्ड वेगळ्या रस्त्याने द्या, फोन करून सांगा. झिप करताना पण सेव्हन-झिप घ्या अन् एईएस-२५६ निवडा, तिथे 'झिपक्रिप्टो' म्हणून जुनी पद्धत असते, ती फुटते.

पासवर्ड आहे अन् एन्क्रिप्शन नाही याचं सगळ्यात मोठं उदाहरण ब्रिटनचं. २००७ मध्ये तिथल्या टॅक्स खात्याने बाल-भत्ता घेणाऱ्या सगळ्या कुटुंबांची माहिती दोन सीड्यांवर घालून दुसऱ्या सरकारी कार्यालयाला कुरियरने पाठवली, नोंदही न करता. अडीच कोटी लोक. नावं, पत्ते, जन्मतारखा, बँक खाती. सीड्या पोचल्याच नाहीत. पासवर्ड होता, एन्क्रिप्शन नव्हतं. खात्याच्या प्रमुखाला राजीनामा द्यावा लागला. सीड्या आजवर सापडल्या नाहीत. त्या कोणी वाचल्या की कुठे कचऱ्यात गेल्या, कोणालाच सांगता येत नाही, अन् अशा वेळी अडीच कोटी लोकांना सावध राहा म्हणण्यापलीकडे काही करता येत नाही. एन्क्रिप्ट असत्या तर दोन सीड्या हरवल्या एवढीच बातमी झाली असती.

इतवारी_ट्रेडर्स
भाऊ लोक, तुम्ही एकच बाजू सांगून राहिले. आमच्या दुकानाचं सांगतो. हिशेबाच्या टॅलीला टॅलीव्हॉल्ट, म्हणजे डाटा एन्क्रिप्ट करायची त्यातलीच सोय, लावला होता, कंपनीचं नाव पण चांदण्या-चांदण्या दिसते त्यात, एकदम झकास. मुनीमजी गावी गेले, त्यांच्याशिवाय पासवर्ड कोणाकडे नाही, अन् मुनीमजींनाही आठवेना. टॅलीवाल्याला बोलावलं तर तो म्हणे व्हॉल्टचा पासवर्ड गेला तर कोणीच उघडू शकत नाही, कंपनीपण नाही. पूर्ण वर्षाची बिलं कागदावरून परत चढवली, पोट्टे लावले तीन-तीन. तेव्हापासून वडिलांचा फतवा, दुकानात कशालाही पासवर्ड नाही. सांगा आता, चोराने नेलं असतं तर निदान कॉपी तर राहिली असती आमच्याकडे.

संत्रा_बर्फी
टॅलीव्हॉल्टचं हे अगदी खरं आहे. आमचे निम्मे क्लायंट याच भीतीने लावत नाहीत.

धंतोली_पॅथ
हा मुद्दा मात्र बरोबर आहे, लोक यालाच जास्त घाबरतात अन् त्यात चूक काही नाही.

जुना_अ‍ॅडमिन
शंभर टक्के खरं, अन् हे न सांगता एन्क्रिप्शन विकणारा माणूस धोकेबाज. एन्क्रिप्शन केलं की धोका संपत नाही, तो किल्लीवर जाऊन बसते. आधी हजार फाइली सांभाळायच्या होत्या, आता एक किल्ली सांभाळायची. म्हणून तिची दुसरी प्रत पाहिजेच, अन् ती त्याच कॉम्प्युटरमध्ये नको. पासवर्ड कागदावर लिहा, लिफाफ्यात घाला, वरून सही करा, तिजोरीत नाहीतर बँक लॉकरमध्ये ठेवा. हसतील लोक, पण ज्या दुकानात सोन्याची पावती तिजोरीत जाते तिथे हा लिफाफा का नाही जाणार. वडिलांना सांगा, मुनीमजी एकटे नको, अजून एक माणूस पाहिजे ज्याला माहीत आहे.

अन् तुमच्या केसमध्ये खरी उणीव बॅकअपची नव्हती का? असो, ती वेगळी चर्चा. रॅन्समवेअरपासून (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) एन्क्रिप्शन वाचवत नाही हेही इथेच सांगून टाकतो, तुमचा एन्क्रिप्टेड डाटा चोर परत एकदा त्याच्या किल्लीने एन्क्रिप्ट करते. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर बंद पडले तेव्हा ओपीडी कागदावर चालवावी लागली. त्यासाठी वेगळा, वायर काढून ठेवलेला बॅकअपच लागते.

सदर_वकील
कायद्याचं थोडक्यात. डिजिटल पर्सनल डाटा प्रोटेक्शन कायदा २०२३ मध्ये आला, नियम २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये, अन् बहुतेक जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू व्हायच्या आहेत. योग्य ती सुरक्षा न ठेवल्यामुळे डाटा फुटला तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. ही वरची मर्यादा आहे, कोपऱ्यावरच्या क्लासला तेवढा लागेल असं नाही, पण 'आम्ही छोटे आहोत' म्हणून पूर्ण सुटका पण नाही. नियमांत एन्क्रिप्शन, मास्किंग यांचा नाव घेऊन उल्लेख आहे. अन् सर्ट-इनचा एप्रिल २०२२ चा आदेश वेगळाच आहे, सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायची.

लॅबवाल्यांना मेल करताना कायद्याची ओळ टाका, काउंटरवर बोलून काही होत नाही. लेखी द्या.

बर्डीचा_राजा
ओके मान्य, पण माझा एक सिरीयस प्रश्न. आधार, मोबाईल नंबर, सगळं आधीच दहा ठिकाणी लीक झालेलं आहे. लोनवाल्यांचे फोन येतात ते नावाने येतात. मग आता कुलूप लावून काय फायदा? पाखरं उडून गेली ना.

जुना_अ‍ॅडमिन
हे बरेच जण म्हणतात, त्यात थोडं तथ्य आहे पण पूर्ण नाही. जुना लीक जुना होत जाते. मोबाईल बदलतो, पत्ता बदलतो, पासवर्ड बदलता येते. चोराला ताजं पाहिजे असते अन् जोडून पाहिजे असते. नुसता मोबाईल नंबर स्वस्त आहे. मोबाईल, बँक, या आठवड्यात कोणती तपासणी झाली, कोणत्या डॉक्टरकडे, हे एका ओळीत मिळालं की त्याची किंमत वेगळी.

अन् काही गोष्टी बदलताच येत नाहीत. बोटाचे ठसे घ्या. जमिनीच्या व्यवहाराच्या दस्तांवर अंगठे असतात, देशात काही ठिकाणी असे दस्त ऑनलाइन पाहता येत होते, तिथून ठसा उचलून रबरासारखा नकली अंगठा बनवून आधारवाल्या पेमेंट यंत्रावर पैसे काढल्याचे गुन्हे पोलिसांनी पकडले आहेत. अंगठा काही पासवर्डसारखा रीसेट होत नाही राजाभाऊ. आधारच्या अ‍ॅपमध्ये बायोमेट्रिक लॉक आहे, तो लावून ठेवा, गरज पडली की तेवढ्यापुरता उघडा. आधार द्यायचंच असेल तर मास्क्ड आधार डाउनलोड करा, त्यात पहिले ८ आकडे झाकलेले असतात, हॉटेल-बिटेलला तेच द्या.

पासवर्डचं पण सांगतो. २००९ मध्ये रॉकयू नावाच्या कंपनीतून ३ कोटी २० लाख पासवर्ड गेले, सगळे साध्या मजकुरात ठेवलेले. ती यादी अजून जिवंत आहे, पासवर्ड तोडणारे आजही सुरुवात त्याच यादीने करतात. त्यात सगळ्यात वर १२३४५६. छोटी कंपनी म्हणून सोडावं तर फेसबुकने २०१९ मध्ये कबूल केलं की कोट्यवधी लोकांचे पासवर्ड त्यांच्या आतल्या लॉगमध्ये उघडे पडून होते, आयर्लंडने २०२४ मध्ये त्यावर ९ कोटी १० लाख युरोचा दंड लावला. कोणी बाहेरचा शिरला नव्हता, दंड असं उघडं लिहून ठेवल्याचा अन् वेळेत न कळवल्याचा.

यावरून एक ओळखायची खूण देतो. कोणत्याही साइटवर 'फरगॉट पासवर्ड' केलं अन् त्यांनी तुमचा जुनाच पासवर्ड मेलवर पाठवला, तर समजा त्यांनी तो वाचता येईल असा ठेवला आहे. नीट साइट कधीच जुना पासवर्ड सांगू शकत नाही, कारण तिच्याकडे तो नसतोच, त्याचा हॅश, म्हणजे पासवर्डवरून गणिताने काढलेला कोड, असते, अन् हॅशवरून उलटं येता येत नाही. ती फक्त नवीन बनवायची लिंक देईल.

बर्डीचा_राजा
आमच्या क्लबच्या साइटने मला जुनाच पाठवला होता बे!! अन् तोच मी सगळीकडे वापरतो.

जुना_अ‍ॅडमिन
आज रात्री जेवायच्या आधी बदला. मेलचा पहिले, मग बँक.

जयताळा_माऊली
मी आमच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे, वर पेनड्राइव्हचा उल्लेख वाचून थोडं वाईट वाटलं कारण आम्ही फुकट काम करतो अन् शिव्या खातो 🙂 पण खरं आहे, भाडेकरूंचे करारनामे, आधार, पोलीस व्हेरिफिकेशनचे फॉर्म सगळं माझ्या घरच्या लॅपटॉपवर अन् एका पेनड्राइव्हवर आहे. लॅपटॉपला पासवर्ड आहे. आता तो लॅपटॉप जुना झाला, बर्डीच्या कॉम्प्युटर मार्केटमध्ये एक्सचेंजला द्यायचा विचार आहे. सगळं डिलीट करून फॉरमॅट मारला की झालं ना?

जुना_अ‍ॅडमिन
माऊली ताई, थांबा, देऊ नका अजून!

विंडोजचा पासवर्ड डिस्कला कुलूप लावत नाही. हार्ड डिस्क काढून दीडशे-दोनशेच्या केबलने दुसऱ्या लॅपटॉपला लावली की पासवर्ड न विचारता फाइली दिसतात. डिलीट केलं तर फाइलीचा फक्त पत्ता पुसला जाते, फाइल तिथेच, रिकव्हरीची फुकट सॉफ्टवेअरं आहेत. क्विक फॉरमॅटचंही तेच. जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल तर पूर्ण फॉरमॅट मारा, क्विकची टिक काढून, वेळ लागते, रात्रभर लावून ठेवा. किंवा सरळ डिस्क काढून घरी ठेवा अन् लॅपटॉप डिस्कशिवाय द्या, शे-पाचशे कमी मिळतील.

नवीन लॅपटॉपला पहिल्या दिवसापासून डिस्क एन्क्रिप्ट करा, मग हा प्रश्नच येत नाही, विकताना किल्ली फेकली की डाटा गेला. विंडोज प्रो असेल तर बिटलॉकर आत आहेच. होम असेल तर सेटिंगमध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' दिसते का पाहा, नाहीतर व्हेराक्रिप्ट फुकट आहे. पेनड्राइव्हला पण बिटलॉकर लावता येते, प्रो वर लावा, होमवर उघडता येते. मोबाईलची काळजी नको, अँड्रॉइड १० पासून पुढचे नवे फोन एन्क्रिप्टेडच येतात, फक्त स्क्रीन लॉक नीट ठेवा, १२३४ नको.

अन् भाडेकरू सोडून गेला, हिशेब झाला, की त्याचं आधार काढून टाका. जे ठेवलंच नाही ते चोरीला जात नाही.

धंतोली_पॅथ
त्यातच भर, व्हॉट्सअ‍ॅप. लोक म्हणतात व्हॉट्सअ‍ॅप तर एंड-टू-एंड आहे. हो आहे, २०१६ पासून, पण ते जाताना. पोचल्यावर फोटो दोन्हीकडच्या गॅलरीत पडतो, तिथून गुगल फोटोमध्ये, झेरॉक्सवाल्याला पाठवला तर त्याच्या कॉम्प्युटरच्या डाउनलोडमध्ये. चॅटचा बॅकअप क्लाउडवर जातो तो आपोआप तसा एन्क्रिप्ट नसतो, सेटिंगमध्ये जाऊन 'एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप' चालू करावं लागतं, २०२१ पासून सोय आहे. मेडिकल चौकातल्या झेरॉक्सच्या दुकानात उभं राहून पाहा एकदा, त्या स्क्रीनवर दिवसभर कोणाकोणाचं काय काय उघडं असतं.

महालकर_काका
आमच्या वेळी लेजर रात्री स्ट्राँगरूममध्ये जायचं, दोन माणसांच्या दोन किल्ल्या, एकट्याला उघडताच यायचं नाही. कर्ज नाही मिळालं तरी चालेल पण लेजर बाहेर राहिलेलं चालायचं नाही. आता सगळं लेजर खिशातल्या पेनड्राइव्हमध्ये अन् किल्ली कोणाकडेच नाही.

वर्धारोडवाला
लॅबला मेल केला, वकील साहेबांनी सांगतलं तसा. उत्तर आलं की व्हेंडरला कळवलं आहे, पुढच्या अपडेटमध्ये होईल. तारीख दिली नाही. आईच्या रिपोर्टची लिंक मात्र त्यांनी बंद केली अन् पीडीएफ काउंटरवरून घेऊन जा म्हणाले, तेही चालेल. आठवण करत राहणार मी.

जयताळा_माऊली
अ‍ॅडमिन दादा, एक शेवटचं. नवीन लॅपटॉपवर बिटलॉकर चालू केलं, ते ४८ आकड्यांची रिकव्हरी की सेव्ह करा म्हणून राहिलं. त्याच लॅपटॉपवर सेव्ह होऊन नाही राहिली. मेलवर पाठवू का स्वतःलाच?

जुना_अ‍ॅडमिन
मेलवर नको ताई. प्रिंट काढा, दोन प्रती. एक तुमच्या कपाटात, एक सोसायटीच्या अध्यक्षांकडे बंद लिफाफ्यात, वरून तुमची सही. मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्येही ठेवता येते, पण मग त्या अकाउंटचा पासवर्ड दमदार पाहिजे अन् ओटीपी चालू पाहिजे. अन् प्रिंट घरच्या प्रिंटरवर काढा, झेरॉक्सच्या दुकानात नका जाऊ 🙂

इतवारी_ट्रेडर्स
लिफाफ्याचं वडिलांना पटलं. टॅलीव्हॉल्ट परत लावून राहिलो, दोन लिफाफे, एक तिजोरीत अन् एक मामांच्या घरी. मुनीमजी रुसले आहेत.